जुनं बाळंतिणींचं वसतिगृह: पुन्हा माहेरघर, संग्रहालय की अभ्यासिका?

दवाखान्याच्या आवारात कवेलूची (देशी कौलांची) लांब ओसरी, तिच्यावर उघडणाऱ्या चार-सहा खोल्या, मागे चुलींची पडवी आणि विहीर. दिवस भरत आलेल्या बायकांनी सोबतिणीसह येऊन राहायचं वसतिगृह साधारण असं असतं. वापर थांबला की कुलूप लागतं आणि काही वर्षांनी ट्रस्टच्या किंवा ग्रामपंचायतीच्या सभेत विषय निघतो, की या जागेचं करायचं काय. पाडून सभागृह बांधायची सूचना हमखास येते. ती बाजूला ठेवली तर विचार करण्यासारखे पर्याय तीन उरतात.

अमरावतीचं डफरीन, अकोल्याचं लेडी हार्डिंग ही स्त्रियांची रुग्णालयं शहरात होती. सेवाग्रामचं कस्तुरबा रुग्णालय १९४०च्या दशकात स्त्रिया आणि मुलांचा छोटा दवाखाना म्हणून सुरू झालं. खेड्यातल्या बाईपुढचा प्रश्न दवाखान्यापर्यंत वेळेत पोचायचा होता, आणि ही वसतिगृहं त्याचं उत्तर होती. म्हणून चुलींची पडवी आणि सोबतिणीची जागा हा या इमारतीचा खरा वारसा. दर्शनी कमान दुय्यम.

पुन्हा माहेरघर

आदिवासी भागात प्राथमिक आरोग्य केंद्राच्या आवारात माहेरघर चालतं. प्रसूतीच्या तारखेआधी काही दिवस बाई तिथे येऊन राहते. इमारत केंद्राच्या आवारात किंवा अगदी भिंतीला भिंत लागून असेल तरच हा पर्याय धरा. अर्धा किलोमीटर अंतरही रात्री कळा सुरू झाल्यावर फार होतं. पर्लकोटा नदीला पूर आला की गडचिरोलीतलं भामरागड जसं तुटतं, तशी गावं भोवती असतील तर पावसाळ्यात या जागेला तोड नाही. बारमाही रस्त्यावरच्या गावात, जिथे १०२ आणि १०८च्या रुग्णवाहिका वेळेत येतात, तिथे खाटा रिकाम्याच राहतील.

हिशेब खाटेचा करू नका, माणसांचा करा. एका बाईबरोबर आई किंवा सासू येते आणि बहुतेक वेळा मागचं लहान मूलही. म्हणजे एका खाटेमागे तीन माणसं. दहा बाय बाराच्या खोलीत दोनच बायका धरा. शेळ्या कोण पाहील, कापूस कोण वेचेल, घरच्या पोरांना कोण रांधून घालेल, ही न येण्याची कारणं इमारत रंगवून सुटत नाहीत. स्वयंपाकाची पडवी काढून तिथे 'रिसेप्शन' करायचा मोह टाळा. स्वतःचं रांधून खाता येणं हे बाई राहण्याचं मोठं कारण असतं. जुना संडास परसात लांब असतो. ओसरीच्या टोकाला, पायरी न ठेवता, कमोडचा नवा संडास बांधा. मूळ भिंत फोडावी लागत नाही.

संग्रहालय

उद्घाटनाला सगळ्यात देखणा आणि टिकायला सगळ्यात कच्चा पर्याय हाच. लोखंडी खाटा, इनॅमलची भांडी, पोटावर लावून बाळाचे ठोके ऐकायची नळी, तराजू एवढ्यावर एक खोली चांगली भरते. सहा खोल्या भरत नाहीत. मग फ्लेक्स लागतात. जुलैत रोज दार उघडणारं, गळती पाहणारं पगारी माणूस नसेल तर दुसऱ्या पावसाळ्यात वाळवी फळ्यांत शिरलेली असते. पाऱ्याचं रक्तदाबयंत्र मांडायचं असेल तर काचेची नळी आणि टाकी शाबूत आहे का ते आधी तपासा. औषध भरलेल्या जुन्या बाटल्या मांडूच नका.

अभ्यासिका आणि एक स्मृतिखोली

बहुतेक गावांना आम्ही हाच सुचवू. पोलीस भरती आणि तलाठी परीक्षेची पोरं-पोरी पहाटेपासून रात्रीपर्यंत बसतात, म्हणजे दारं-खिडक्या रोज उघडतात, वारा फिरतो, गळती त्याच दिवशी कळते. मधली एक खोली जशी होती तशी ठेवा: दोन खाटा, पाळणा, मागच्या पडवीतली एक चूल. वायरिंग भिंतीवरून पाइपातून न्या. मातीच्या गाऱ्यात बांधलेल्या भिंतीला मशीनने झिरी पाडली की विटा सुट्या होतात.

पर्याय कोणताही घ्या, आधी छप्पर आणि भिंत

खर्चाचा मोठा वाटा इथेच जातो. टिनाचं छप्पर स्वस्त पडतं, पण विदर्भाच्या मे महिन्यात खाली दुपारी माणूस बसू शकत नाही, आणि जुन्या भिंतीला नीट न जखडलेले पत्रे वादळात उडतात. मंगळुरी कौलं १०० चौरस फुटांना साधारण दीडशे लागतात. वानरांचा त्रास असेल तर वरकड साठा ठेवाच. देशी कवेलू दरवर्षी पावसाआधी फेरावे (उतरवून पुन्हा रचावे) लागतात आणि फेरणारी माणसं कमी होत चालली आहेत, हे धरून ठरवा. कौलं उतरवली की वाश्यांची भिंतीवर टेकणारी टोकं स्क्रूड्रायव्हरने टोचून पाहा. वरून ठणठणीत दिसणारं सागवान तिथेच कुजलेलं असतं.

काळ्या मातीवरच्या इमारतीला खिडकीच्या कोपऱ्यातून तिरप्या भेगा जातात. माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आटते. भेग लगेच बुजवू नका. तिच्यावर आडवी काचेची पट्टी दोन्ही टोकांना प्लॅस्टरने चिकटवा, शेजारी तारीख लिहा आणि एक पावसाळा, एक उन्हाळा जाऊ द्या. काच तडकली तर भेग जिवंत आहे. अभियंत्याला पाया दाखवा. शाबूत राहिली तर चुन्याने भरा.

भिंतीला कंबरेएवढा लोणा दिसला तर बहुधा मधल्या काळात कोणीतरी सिमेंटचं प्लॅस्टर केलेलं असतं. जमिनीतली ओल बाहेर पडायला जागा राहत नाही, मग ती वर चढते, क्षार जमतात आणि प्लॅस्टर फुगून विटेची साल घेऊन पडतं. ओलीच्या रेषेच्या दोन फूट वरपर्यंत ते छिन्नीने काढा, भिंत एक उन्हाळा सुकू द्या. वर्षानुवर्षे मुरूम टाकून आवार जोत्याच्या वर आलं असेल तर तो आधी उकरून उतार बाहेर काढा, नाहीतर बाकी सगळं वाया. मग एक भाग विरवलेला चुना आणि तीन भाग वाळू-सुरखी (विटांची भुकटी), दोन थरांत, प्रत्येक थर १० ते १२ मिलिमीटर. कळीचा चुना निदान १५ दिवस पाण्यात विरला पाहिजे. कच्चे कण राहिले तर ते नंतर फुगून प्लॅस्टरला खड्डे पाडतात. ओलं गोणपाट आठवडाभर लावून ठेवा. हे काम ऑक्टोबरअखेर ते फेब्रुवारीतच. एप्रिल-मेमध्ये थर जोर धरण्याआधीच सुकतो आणि हाताने खरवडला जातो.

नोंदवह्या

कपाटात प्रसूतीच्या नोंदवह्या निघाल्या तर इमारतीइतक्याच जपा. त्यात नाव, गाव, जात, बाळ जगलं की गेलं हे सगळं असतं. जात पडताळणीसाठी अनुसूचित जमातींना १९५०, विमुक्त-भटक्यांना १९६१ आणि इतर मागासवर्गीयांना १९६७ पूर्वीचा पुरावा उपयोगी पडतो, त्यामुळे बातमी फुटली की माणसं पान मागायला येतात. कोणाच्याही हाती वही देण्याआधी प्रत्येक पानावर मऊ पेन्सिलीने क्रमांक टाका आणि सगळी पानं स्कॅन करा, म्हणजे नंतर खाडाखोड झाली तर कळेल. लॅमिनेशन करू नका, कागद कायमचा जातो. प्रदर्शनात एकही वाचता येईल असं नाव ठेवू नका. कोणत्या घरची कोणती बाई कधी, कोणाबरोबर आली, हे गावात आजही जिवंत प्रकरण असू शकतं.

मालकी

जागा जिल्हा परिषदेची असेल तर निर्लेखनाचा, म्हणजे इमारत मोडीत काढण्याचा, प्रस्ताव आधीच गेला आहे का ते बांधकाम विभागात विचारा. तो मंजूर झाल्यावर दुरुस्तीचा ठराव कागदावरच राहतो. सार्वजनिक न्यासाची असेल तर तीन वर्षांहून जास्त भाडेपट्ट्याला महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ३६ खाली धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. अभ्यासिकेला देताना करार तीन वर्षांचाच करा, आणि स्मृतिखोलीची किल्ली न्यासाकडे राहील हे त्यात लिहून घ्या.