सहावारी, नऊवारी, पंजाबी ड्रेस की गाऊन: पन्नाशीनंतर रोजच्यासाठी काय निवडावं

साडी सोडून ड्रेस घालावा का, हा प्रश्न घरात कशाच्या तरी निमित्तानं निघतो. गुडघ्याचं ऑपरेशन ठरतं, नोकरी संपते, किंवा जिन्यावर निऱ्यांत पाय अडकून कुणी तरी पडतं. मग लेक म्हणते, "आई, आता ड्रेसच घालत जा," आणि आईला वाटतं, या वयात लोक काय म्हणतील. दोघींचं बोलणं वयाभोवतीच फिरत राहतं. निर्णय मात्र दिवसभरातल्या हालचाली बघून घ्यावा: संडासला जाणं, जिना उतरणं, गॅसपुढे उभं राहणं, स्कूटरवर मागं बसणं, दवाखान्यात तपासून घेणं. प्रत्येक कपडा यांतल्या कुठल्या तरी एका ठिकाणी अडतोच. आपला दिवस कुठे अडतो ते आधी ओळखायचं.

अंगावर कापड किती येतं, तेही लक्षात घ्यावं. सहावारी सुमारे 5.5 मीटर, शिवाय परकर. नऊवारी सव्वाआठ मीटरच्या आसपास, पण परकर नाही. पंजाबी ड्रेसला कमीज आणि सलवार मिळून साधारण 4.5 ते 5 मीटर, वर सव्वादोन मीटरची ओढणी. साडीचं बरंचसं कापड पोटाशी गोळा होतं: परकराचा नेफा, साडीचा वेढा, त्यावर खोचलेल्या निऱ्या. पाळी जाण्याच्या काळात अंगातून अचानक गरम वाफा निघतात, तेव्हा हे थर असह्य होतात. अशा वेळी साडी सोडण्याआधी तिचं कापड बदलून पाहावं. जॉर्जेट किंवा पॉलिस्टरऐवजी मलमल किंवा मऊ झालेली सुती साडी आणि पॉपलिनचा परकर घेतला तर पुष्कळ फरक पडतो. पॉलिस्टरचा ड्रेस सुती साडीपेक्षा जास्त उकडतो.

कमरेची गोष्ट

साडी नेसणाऱ्यांच्या कमरेवर काळा पट्टा पडतो आणि तो सवयीचा मानला जातो. तो मनावर घ्यायला हवा. बारीक गोल नाडी रोज एकाच जागी करकचून बांधली की कातडी घासते, घामानं ओली राहते, खाजते आणि फुटते. 2024 साली वर्ध्याच्या आणि बिहारमधल्या डॉक्टरांनी 'बीएमजे केस रिपोर्ट्स'मध्ये अशा दोन वयस्क बायकांची नोंद प्रसिद्ध केली. कमरेवरच्या, दीड-दोन वर्षं न भरलेल्या जखमेत दोघींना कातडीचा कर्करोग झाला होता. त्यातली एक बिनपरकराचं लुगडं घट्ट बांधणारी होती, म्हणजे नऊवारी नेसल्यानं ही काळजी मिटते असं नाही. असं क्वचितच होतं, पण टाळणं अगदी सोपं आहे. परकराला इंचभर रुंदीची चपटी सुती नाडी किंवा दोन इंची पट्टा लावावा, गाठीची जागा अधूनमधून बदलावी, घरी असताना नाडी सैल करावी. पट्टा काळा पडून पापुद्रे निघत असतील तर काही आठवडे सैल ड्रेस किंवा गाऊन घालावा. जखम भरत नसेल तर त्वचेच्या डॉक्टरांकडे जावं.

सलवारची नाडीही हाच त्रास देते. म्हणून पन्नाशीनंतर शिवून घेताना पुढे सपाट पट्टी आणि मागे इंच-सव्वा इंचाचं इलॅस्टिक सांगावं. अर्ध्या इंचाचं इलॅस्टिक वळतं आणि रुततं.

संडास आणि बाथरूम

याबद्दल कुणी मोकळेपणानं बोलत नाही, पण निर्णय बहुतेक इथेच लागतो. लघवीची घाई होऊ लागली की एकेक सेकंद मोलाचा असतो. त्यात सहावारी आणि गाऊन सगळ्यांत सोयीचे, कारण फक्त वर उचलायचं असतं. नाडीची सलवार सगळ्यांत वाईट. घाईत गाठ बसते, ओली झाली तर सुटतच नाही, आणि कमीज धरायला तिसरा हात लागतो. साडीतून ड्रेसवर आलेल्या अनेकजणी महिन्याभरात परत साडीकडे वळतात, त्यामागे हे कारण असतं आणि ते सांगितलं जात नाही. इलॅस्टिकची सलवार आणि गुडघ्याच्या जरा वरपर्यंतच येणारी कमीज घेतली की ही अडचण संपते. नऊवारीत कासोटा ढिला करून सरकवावा लागतो. जन्मभर नेसलेल्या आजींना ते जमतं, नव्यानं नेसणारीला पटकन जमत नाही.

उलट बाजूही आहे. भारतीय पद्धतीच्या संडासात सलवारच्या मोहऱ्या ओल्या फरशीला लागतात, साडी मात्र गुडघ्यापर्यंत वर खोचता येते. ड्रेस घालायचा तर मोहरी घोट्याच्या वर ठेवावी.

जिना, चालणं, स्कूटर

साडीत पाय अडकतो तो बहुतेक वेळा जिना चढताना. समोरच्या निऱ्या बुटाच्या टोकाखाली येतात. साडी नेसताना रोजची चप्पल किंवा बूट पायांत असावा आणि कडा जमिनीपासून दोन इंच वर राहावी. सकाळी फिरायला जाणारीनं घोटा दिसेल इतकी वर नेसावी. फिशकट परकर अंगासरशी बसतो, पण पाऊल आखूड पडतं, त्यामुळे चालण्यासाठी सहा कळ्यांचाच परकर बरा. फॉल लावण्याआधी तो रात्रभर पाण्यात भिजवून वाळवावा. नाही तर पहिल्या धुण्यात फॉल आटतो, साडीची कड चुण्या पडून आत वळते आणि नेमकी तीच पायात येते.

चालण्याच्या मोकळेपणात नऊवारीला तोड नाही. दोन्ही पाय वेगळे राहतात, म्हणूनच भातलावणीला आणि कोळणींच्या कामाला ती टिकून राहिली. गिरगावच्या गुढीपाडव्याच्या शोभायात्रेत बायका नऊवारीत बुलेट चालवतात, तेही याचमुळे. पण रोजच्यासाठी दोन अडचणी आहेत: नेसायला वेळ लागतो, आणि सव्वाआठ मीटर सुती कापड पावसाळ्यात दोन दिवस वाळत नाही. शिवलेली नऊवारी चटकन चढते, मात्र ती समारंभापुरती ठीक. जाड शिवणी मांडीला घासतात.

दुचाकीवर मागं बसायचं तर ड्रेस निर्विवाद चांगला, कारण दोन्हीकडे पाय टाकून बसता येतं. साडीत एका बाजूला बसावं लागतं आणि वळणावर तोल जातो. धोका ओढणीचाही तेवढाच आहे, ती मागच्या चाकात अडकू शकते. मोटार वाहन नियमांनुसार मोटरसायकलच्या मागच्या चाकाचा निम्मा भाग झाकणारं संरक्षण असावंच लागतं. ते काढून टाकलेलं नाही ना, हे बसण्याआधी बघावं. ओढणी खांद्यावरून तिरकी घेऊन टोकं कमरेला बांधावीत, पदर पुढे घेऊन खोचावा.

गॅसपुढे

सिंथेटिक कापड वितळून कातडीला चिकटतं आणि भाजणं खोल जातं. सुतीही पेट घेतं, पण असं चिकटत नाही. त्यामुळे ओट्यापाशी सुतीच हवं, मग साडी असो की गाऊन. धोका असतो तो लोंबणाऱ्या भागांचा: पदर, ओढणी, गाऊनची रुंद बाही. स्वयंपाक करताना ओढणी काढून ठेवावी. दारावरची बेल वाजली की गाऊनवर ओढणी टाकायची आपल्याकडे रीत आहे. ती ओढणी परत ओट्यापाशी येते आणि तिथे घात होतो. दाराजवळ खुंटी ठोकून ती तिथेच टांगावी.

ऑपरेशन, गुडघा, खांदा

गुडघा बदलल्यावर पाय सुजलेला असतो, वर बँडेज असतं. लेगिंग आणि चुडीदार तेव्हा चढतच नाही. पहिले दीड महिने पोटरीपर्यंतचा, पुढे बटणांचा सुती गाऊन उत्तम. पायघोळ गाऊन नको, त्याची कड वॉकरच्या पायाखाली येते. त्यानंतर सैल सलवार किंवा पलाझो घालावा. मोहरीचा घेर किमान 18 इंच असला की फिजिओथेरपिस्टसमोर ती गुडघ्यावर सरकते. घालताना पलंगाच्या कडेला बसून ऑपरेशनचा पाय आधी घालायचा, काढताना शेवटी काढायचा.

खांदा आखडला असेल तर हिशेब उलटा. कमीज डोक्यावरून घालताना दोन्ही हात वर करावे लागतात आणि तेच जमत नाही. पुढून पूर्ण उघडणारा कुर्ता किंवा पुढे हुक असलेला ब्लाउज घ्यावा, आणि दुखरा हात आधी बाहीत घालावा. मागे हुक असलेले ब्लाउज सरळ उसवून घ्यावेत. डावा खांदा धरला असेल तर गुजराती पद्धतीनं उजव्या खांद्यावर पदर घेता येतो. बोटं आखडली असतील तर हुकांच्या जागी मोठी टिचबटणं लावावीत. वेल्क्रो धुण्यात इतर कपड्यांचे धागे ओढतं आणि काही महिन्यांत पकड सोडतं.

दवाखान्यात रक्तदाब मोजताना घट्ट बाही वर सरकवली तर ती दंडाला आवळते आणि आकडा चुकतो. कमीजची बाही सैल हवी, ब्लाउजची आखूड बाही चालते. एक्स-रेच्या दिवशी चेन, हुक आणि टिकल्या नसलेलं काही घालावं.

बदल करायचा ठरला तर

एकदम सहा ड्रेस शिवू नयेत. सुती कापड आधी भिजवून आटवावं आणि दोनच शिवावेत, शिवणीत दीड-दोन इंच माया ठेवून. मुंढा नेहमीपेक्षा अर्धा इंच मोठा सांगावा, बाजूचा कट कमरेपासून चार बोटं खाली सुरू करावा, सलवारचं आसन, म्हणजे दोन्ही पाय जिथे जोडले जातात तो भाग, खोल ठेवावं. आसन तोकडं असलं की खाली बसताना सलवार उसवते, आणि रोज साडी नेसणारीला हे माप सांगायचं असतं हेच माहीत नसतं. उजव्या बाजूला खिसा हवाच. साडीत पैसे, किल्ली, मोबाइल कमरेला किंवा ब्लाउजमध्ये राहतो, ड्रेसमध्ये त्याला जागा नसते. महिनाभर हे दोन ड्रेस बाहेरच्या कामांना, साडी घरी आणि देवळात, असं घालून पाहावं. नेमकी कुठली साडी कपाटातून निघेनाशी झाली ते तेवढ्यात कळतं. तिचा कुर्ता शिवायचा असेल तर पदराचा भाग पाठीला आणि काठ बाहीला घ्यायला सांगावं.