खानापूरचा तोटीचा माठ: एक उन्हाळा नि एक पावसाळा वापरून

बेळगावच्या वडगावात माझं ब्लाउज शिवायचं दुकान आहे. एक खोली, वर पत्रा. एप्रिलात दुपारी गिऱ्हाईक आत आलं की मापाआधी पाणी मागतं. फ्रिज ठेवायला जागा नाही, त्यामुळे माठाशिवाय माझं चालत नाही.

पहिला माठ मी शहरातल्या एका शोभेच्या वस्तूंच्या दुकानातून ८५० रुपयांना आणला होता. वर वारली चित्रं, सगळीकडून तेलरंगाचा चकचकीत हात. दिसायला देखणा, पण पाणी काही गार होईना. विचारलं तर दुकानदार म्हणतो, "अक्का, नवा हाय, जरा मुरू दे की." महिनाभर मुरवला. मुरले ते माझे पैसे.

मग एका ओटीभरणाला खानापूरला गेले होते, तेव्हा येताना एका कुंभाराच्या दारातूनच दोन माठ घेतले. दहा लिटरचे, तोटीसकट ३२० रुपयांना एक. त्यानं बोटाच्या पेरानं वाजवून दाखवला. टणटण वाजला की नीट भाजलाय, भद्द वाजला की कुठंतरी तडा. रंगाचा विषय काढला तर हसला. "वैनी, आम्ही मातीत भुसा घालतो. भट्टीत भुसा जळतो नि बारीक भोकं राहतात. तुम्ही त्यावर रंग फासला की सगळी भोकं मुजली." लाल बसमधून २५-२६ किलोमीटर एक माठ मांडीवर आणि दुसरा पायांत धरून आणला. मांडीवरचा टिकला. पायांतल्याची झाकणी देसूरच्या अलीकडंच फुटली.

माझा भाचा बी.एस्सी.ला आहे. त्यानं घरच्या मासळीच्या टाकीतला थर्मामीटर आणला. (आपला तापाचा चालत नाही, तो पस्तिशीच्या खाली काही दाखवतच नाही.) एप्रिलातली दुपार, तीन वाजलेले. खोलीत ३४ अंश. स्टीलच्या घागरीतलं पाणी ३२, चित्रांच्या माठातलं ३०, खानापूरच्या माठातलं २४. चार दिवस रोज बघितलं, एखाद्या अंशाचा फरक सोडला तर हेच.

दुसऱ्या एका गोष्टीनं मात्र मी घाबरले होते. रात्री गळ्यापर्यंत भरलेला माठ दुसऱ्या रात्री, एक पेलाही न काढता, बोटभर उतरलेला. वाटलं गळतोय. खाली परात ठेवली, परात कोरडी. पाणी गेलं कुठं?

भाच्यानं माझ्याच कटिंगच्या कागदावर हिशोब मांडला. माठाच्या बाहेरच्या अंगावर जे पाणी पाझरतं, त्याची वाफ होते. वाफ व्हायला उष्णता लागते, ती आतल्या पाण्यातून ओढली जाते. दिवसाला अर्धा लिटर पाणी असं उडालं, तर जेवढी उष्णता जाते तेवढ्यात दहा लिटर पाणी २९ अंशांनी उतरेल. मग बर्फ का होत नाही, मी विचारलं. कारण खोलीची हवा तेवढ्यातच बाहेरून पाणी तापवत असते, आत्ती. ओढाताण चालते नि २४ वर तडजोड होते. वर म्हणाला, एवढी उष्णता म्हणजे विजेच्या युनिटाचा तिसरा हिस्सा, तुला वीजवाल्या हेस्कॉमनं फुकट दिला असता काय?

मला एवढी आकडेमोड नको होती. माझ्या धंद्यातच हे रोज घडतं. अस्तर शिवायच्या आधी भिजवून वाळवावं लागतं, नाहीतर पहिल्या धुण्यात आटतं. ज्या दिवशी तारेवरचं अस्तर तासाभरात कडक वाळतं, त्या दिवशी माठाचं पाणी दाताला लागतं. ज्या दिवशी अस्तर संध्याकाळपर्यंत दमट राहतं, त्या दिवशी माठही तसाच. मी लोकांना सांगत होते, मातीतच थंडावा असतो. नसतो. एकदा चुना देणारे आले म्हणून रात्रभर माठावर प्लास्टिकची पिशवी बांधून ठेवली, तर सकाळी पाणी घागरीसारखंच.

दुसरा माठ वास्कोला लेकीकडं दिला. आठ दिवसांत तिचा फोन, "आई, तुझ्या कुंभारानं फसवलं. गारच होत नाही." तिच्याकडं गरमी आमच्यापेक्षा कमी, पण समुद्राची हवा ओलसर. आधीच ओल्या हवेत पाणी उडायचं कसं? तिला म्हटलं, वाळवणाला जागा धरतेस तिथं माठ ठेव. खिडकीच्या वाऱ्यात ठेवल्यावर थोडा फरक पडला, पण बेळगावचं पाणी वास्कोत नाही मिळायचं. इथंही जुलैत पाऊस धरला की माठ नि घागर एकच. अर्थात तेव्हा गार पाणी मागतंय कोण!

आता तक्रारी. पहिले चार दिवस पाण्याला मातीचा वास येतो, काहींना आवडतो, मला चहात नको होता. नळाचं पाणी दररोज येत नाही, मग बोअरचं भरावं लागतं. ते जड. पाणी उडून जातं नि क्षार भोकांतच राहतात, बाहेर पांढरी पूड धरते. मे संपेपर्यंत माठ मंदावला होता. काथ्यानं, साबण न लावता, घासला तेव्हा पुन्हा बराच सुधारला. साबण भोकांत शिरला की पाण्याला त्याची चव येते, शेजारणीनं करून बघितलंय.

तिकाटण्यावर ठेवा. जमिनीवर ठेवलात तर बुडाचं पाणी उडत नाही आणि लादीला डाग पडतो.

तोटी मात्र भिकार. जूनमध्ये ठिबकायला लागली, वायसर बदलला, पुन्हा ठिबकते. खाली आता वाटी ठेवलीय, ते पाणी इस्त्री करताना शिंपडायला कामाला येतं. पुढच्या वेळी बिनतोटीचा घेणार, सोबत लांब दांड्याचं ओगराळं. आणि झाकणी बसमध्ये हातातच धरणार.