१,०८० डॉलर गेले, रायफल आलीच नाही

‘ऑनलाइन बंदूक घ्यायला गेलास कशाला?’ हा प्रश्न बायकोने विचारून झाला, मेहुण्याने विचारून झाला, सांगलीहून थोरल्या भावाने व्हॉट्सॲप कॉलवर विचारून झाला. ज्याला एवढंच विचारायचं आहे त्याने पुढे वाचू नये. बाकीच्यांसाठी लिहितो आहे, विशेषतः इकडे अमेरिकेत थोडीफार जमीन घेऊन भाजीपाला करणाऱ्या आपल्या लोकांसाठी. ७३० अधिक ३५०, म्हणजे १,०८० डॉलर माझे अक्कलखाती जमा झाले. तुमचे होऊ नयेत.

आमची जमीन पेनसिल्व्हेनियात. गवार, वांगी, मेथी, भेंडी करतो. माल न्यू जर्सीला एडिसनच्या देशी दुकानांत जातो. इथला वैताग म्हणजे ग्राउंडहॉग. आपल्या घुशीचा थोरला भाऊ समजा, चार-पाच किलोचा. पंक्सटॉनी गावात २ फेब्रुवारीला उंच टोप्या घातलेली माणसं ज्याला उचलून धरतात आणि हिवाळा किती उरला ते विचारतात, तोच हा प्राणी. माझ्याकडे तो भविष्य सांगायला येत नाही, गवारीची कोवळी रोपं साफ करायला येतो. शिवाय बीळ असं करतो की ट्रॅक्टरचं चाक आत जातं, आणि कोठाराच्या पायाखालची माती पोकळ होते. जाळी झाली, पिंजरे झाले. शेवटी हंटिंग लायसन्स काढलं.

रायफल कशी हवी ते मला पक्कं ठाऊक होतं, म्हणजे मी काही टीव्ही बघून निघालो नव्हतो. ‘व्हार्मिंट रायफल’ (व्हार्मिंट म्हणजे पिकाची नासाडी करणारे प्राणी) म्हणून दुकानात जे दाखवतात ते जाड नळीचं धूड. दुर्बिणीसकट साडेचार किलोच्या घरात जातं. पश्चिमेकडे प्रेअरी डॉग नावाच्या बिळात राहणाऱ्या प्राण्यांच्या वसाहतीसमोर टेबल मांडून दिवसभर शेकडो गोळ्या झाडायच्या असतील तर ती जाड नळी हवीच, पातळ नळी तापते आणि नेम भरकटतो. पण मला बांधाबांधाने चालायचं, एक-दोन गोळ्या झाडायच्या आणि परत खुरपं हातात घ्यायचं. त्यात माझ्या उजव्या खांद्याचं ऑपरेशन झालेलं. मला हलकी, आखूड, बोल्टवाली (दर गोळीला हाताने दांडी मागेपुढे करायची) हवी होती, .२२३ या छोट्या काडतुसाची. .२२३ ची काडतुसं कुठेही मिळतात, धक्का कमी बसतो, आणि पॉलिमरच्या टोकाची हलकी व्हार्मिंट गोळी लागल्या जागी फुटते, दगडावर आपटून शेजाऱ्याच्या गोठ्याकडे जायची भीती कमी.

शेजारच्या म्हाताऱ्याकडे सीझेड कंपनीची ५२७ कार्बाइन, म्हणजे आखूड रायफल, आहे. झेक बनावटीची, साडेअठरा इंची नळी, पावणेतीन किलोच्या आत वजन. बहुतेक कारखाने .२२३ सारखं छोटं काडतूस मोठ्या काडतुसांसाठी केलेल्या ॲक्शनमध्येच (काडतूस आत सरकवणारी यंत्रणा) बसवतात. ५२७ ची ॲक्शन मुळातच छोट्या काडतुसाच्या मापाची, म्हणून बोल्ट एवढासा मागे ओढला की काम झालं. अक्रोडाच्या लाकडाचा दस्ता. चाप पुढे ढकलला की ‘सेट’ होतो, मग नुसत्या स्पर्शाने सुटतो. म्हाताऱ्याने हातात देताना एकच गोष्ट दोनदा बजावली होती: ‘हिचा सेफ्टीचा खटका उलटा आहे. बाकीच्या बंदुकांत पुढे ढकललं की गोळी झाडता येते, हिच्यात मागे ओढलं की. विसरलास तर मरशील नाहीतर मारशील.’

हे वाक्य लक्षात ठेवा. मी ठेवलं होतं, हेच तर दुःख आहे.

२०२१ मध्ये कंपनीची ६०० मालिका आली आणि ५२७ बंद झाली. झालं, जुन्या रायफलींचे भाव चढले. मी बघत होतो तेव्हा बऱ्या अवस्थेतली कार्बाइन हजार-बाराशेच्या खाली दिसतच नव्हती. होवाची मिनी बघितली, रुगरची सोळा इंची नळीची रँच बघितली. दोन्ही चांगल्या आहेत. पण एकदा ५२७ हातात धरलेली, त्यामुळे मन तिथेच अडकलं. आणि तेवढ्यात एका दुकानाच्या वेबसाइटवर ती दिसली. ६८५ डॉलर, पाठवणी ४५. एकूण ७३०.

स्वस्त होती हे मलाही कळत होतं. पण बाराशेची वस्तू दोनशेला असती तर लहान पोरानेही ओळखलं असतं. हे चोर तेवढे मूर्ख नाहीत. ‘दुकान आवरतो आहोत, जुना साठा’ असं लिहिलं होतं, त्या मानाने भाव पटण्यासारखा होता. आणि मी डोळे मिटून पैसे पाठवले नाहीत. दुसऱ्या राज्यातली रायफल थेट घरी येत नाही, तिथल्या विक्रेत्याने ती आपण राहतो त्या भागातल्या परवानाधारक डीलरकडे पाठवायची, आपण तिथे ४४७३ नंबरचा फॉर्म भरायचा, पार्श्वभूमी तपासणी व्हायची, मग हातात. पेनसिल्व्हेनियात ती तपासणी राज्य पोलिसांच्या पिक्स यंत्रणेतून होते. हे सगळं मला माहीत होतं. मी आधी इथला डीलर ठरवला, ट्रान्सफरचे ३५ डॉलर असं बोलणं झालं. विक्रेत्याने आपल्या एफएफएलची, म्हणजे बंदूक-विक्रीच्या केंद्रीय परवान्याची, प्रत पाठवली. एटीएफ या बंदुकांवर देखरेख करणाऱ्या केंद्रीय खात्याची ईझी चेक म्हणून सोय आहे, परवान्याचे पहिले तीन आणि शेवटचे पाच आकडे टाकायचे. टाकले. परवाना खरा, चालू, नाव-पत्ता वेबसाइटशी जुळणारा. आणखी काय तपासायचं माणसाने?

तर आणखी हे तपासायचं: फोन नंबर. परवाना खऱ्याच दुकानाचा होता, चोरलेला. एफएफएलच्या प्रती डीलर एकमेकांना रोज पाठवतात, त्यामुळे एखादी प्रत बाहेर जाणं अवघड नाही. मी फोन लावला तो चोराच्या वेबसाइटवरचा. खऱ्या दुकानाचा नंबर स्वतः वेगळा शोधून तिथे विचारायचं असतं. पैसे गेल्यावर मी ते केलं. पलीकडचा गृहस्थ माझं पहिलं वाक्य पुरं व्हायच्या आत म्हणाला, ‘तुम्हीही का?’

आता तो क्षण. वेबसाइटवर दोन फोटो होते. एकात नळीच्या टोकाला माशी, म्हणजे नेम धरायची खूण, दिसत होती, दुसऱ्यात टोक कापल्यासारखं सपाट. कार्बाइनला माशी असते; ५२७ अमेरिकन म्हणून जी निघायची तिला नसते. म्हणजे फोटो दोन वेगळ्या रायफलींचे. मी पाहिलं, आणि म्हटलं असेल उजेडाचा फरक. ते सोडा. मी विक्रेत्याला फोन केला. गोड आवाज, ‘सर’ शिवाय बोलणं नाही. मी मुद्दाम विचारलं, ‘सेफ्टी कशी आहे हिची?’ तो म्हणाला, ‘नेहमीसारखीच सर, पुढे ढकलायची आणि झाडायची.’

पुढे ढकलायची! म्हाताऱ्याचं वाक्य माझ्या कानात वाजलं, खोटं कशाला सांगू. ज्याच्या हातात ५२७ आहे तो हे बोलूच शकत नाही. त्याच्याकडे रायफल नव्हती, फोटो होते. आणि मी काय केलं? मनातल्या मनात त्याचीच वकिली केली: शेवटच्या मालात बदललं असेल, नाहीतर दुकानातल्या नोकराला कुठलं माहीत असणार. माणसाला एखादी वस्तू हवीच असली की तो चोराच्या बाजूनेही साक्ष देतो. अजून रात्री ते ‘पुढे ढकलायची’ आठवलं की अंगाची आग होते.

पैसे भरताना कार्डांची चित्रं होती, पण ‘बंदुकांसाठी कार्ड सेवा तात्पुरती बंद’ अशी पाटी. हे अगदी अशक्य नसतं, बंदुकांचा व्यवहार नाकारणाऱ्या पेमेंट कंपन्या खरंच आहेत. झेलने (बँकेतून बँकेत लगेच पैसे पाठवायची सोय) पाठवा म्हणाला. नाव दुकानाचं नाही, कुणा बाईचं. ‘आमच्या हिशेबनीस आहेत.’ आणि मेमोत रायफल लिहू नका, ‘फॅमिली’ लिहा. ७३० गेले. कार्डाने दिले असते तर निदान तक्रार करून परत मागता आले असते. बंदुकीच्या दुकानाला झेल, कॅश ॲप, गिफ्ट कार्ड किंवा बिटकॉइन हवं असेल तर तिथूनच मागे फिरा, कारण काहीही सांगो.

मग ट्रॅकिंगची लिंक आली. नकाशा, ठिपका, सगळं साग्रसंगीत. ठिपका ओहायोत अडकला आणि ‘पार्सल कंपनी’कडून मेल: शस्त्राच्या पार्सलला ३५० डॉलरचा विमा लागतो, पोचल्यावर पूर्ण परत. न भरल्यास बेवारस शस्त्र म्हणून तुमच्या नाव-पत्त्यासह केंद्रीय यंत्रणेला कळवण्यात येईल.

इथे लोक हसतात. ‘दुसऱ्यांदाही दिलेस?’ हसणाऱ्यांपैकी एकाचाही नागरिकत्वाचा अर्ज अडकलेला नाही. माझा तेव्हा चालू होता. ‘बेवारस शस्त्र’, ‘केंद्रीय यंत्रणा’ आणि माझं नाव एका ओळीत वाचल्यावर मला ३५० डॉलर स्वस्त वाटले. चोराने तारीख-वार बघून नेम धरला नव्हता, पण परदेशातून आलेल्या माणसाला कुठे दुखतं हे त्याला बरोबर ठाऊक होतं. खरी पार्सल कंपनी घेणाऱ्याकडे असला विमा मागत नाही. विमा काढतो तो पाठवणारा. ४७५ डॉलरच्या ‘ट्रान्सफर परमिट’साठी तिसरा मेल आला तेव्हा कुठे मी इथल्या डीलरला दाखवला. साध्या रायफलीला असलं कुठलंही परमिट नसतं. त्याने पहिल्याच दिवशी ‘मी बोलू का त्यांच्याशी?’ विचारलं होतं. शनिवारची गर्दी होती, मीच कशाला त्रास म्हटलं. तुमचा डीलर बोलतो म्हणाला तर बोलू द्या. दोन मिनिटांत त्याला कळतं.

इथून पुढे खरी सर्कस. बँकेत गेलो. बाई म्हणाली, व्यवहार तुम्हीच मंजूर केला आहे, म्हणून ही फसवणूक नाही. मी म्हटलं, चोराने पिस्तूल लावून पाकीट मागितलं आणि मी दिलं तर तीही मंजुरीच का? तिने एक पत्रक दिलं, ‘फसवणुकीपासून सावध राहा’. पैसे ज्या खात्यात गेले ते खातं कुणाचं, हे त्यांना माहीत आहे, मला सांगता येत नाही. गोपनीयता! चोराची गोपनीयता!

आमच्या भागातल्या पोलिसांकडे गेलो. कोवळा अधिकारी, मन लावून ऐकलं, मग म्हणाला, विक्रेता दुसऱ्या राज्यातला, तिथे तक्रार करा. तिथे फोन केला. ते म्हणाले, तुम्ही पैसे तिकडून पाठवलेत, गुन्हा तिकडे घडला. मग शस्त्रांचं काम बघणाऱ्या कार्यालयात. त्यांचं म्हणणं, प्रत्यक्ष बंदूक कुठे गेलीच नाही, तर आमचा संबंध येत नाही. म्हणजे चोराने खरी रायफल चोरून विकली असती तर यांना रस वाटला असता! ग्राहक तक्रारींच्या खिडकीवर फॉर्म भरला, उत्तरादाखल तक्रार क्रमांक आला. त्या क्रमांकाचं काय करायचं ते कुणी सांगितलं नाही. आपल्याकडे तालुक्याच्या कचेरीत ‘साहेब नाहीत’ ऐकून चपला झिजतात. इथे साहेब असतात, हसून बोलतात, ‘हॅव अ गुड डे’ म्हणतात, फक्त काम त्यांचं नसतं.

तरीही तक्रार लगेच करा, त्याच दिवशी, एफबीआयच्या आयसी३ या इंटरनेट गुन्ह्यांच्या संकेतस्थळावरही. पोलिसांकडून लेखी नोंद मागून घ्या, बँक पुढे तीच मागते. स्क्रीनशॉट सगळे ठेवा, वेबसाइट रातोरात गायब होते. फोटोच गुगलवर टाकून तो आधी कुठे आला आहे ते शोधा. माझे दोन्ही फोटो कधीच संपलेल्या दोन वेगवेगळ्या लिलावांतले निघाले. सीरियल नंबरशेजारी आजची तारीख लिहिलेला कागद ठेवून फोटो मागा. खऱ्या माणसाला त्यात मिनिटभर लागतं, माझ्या चोराने ‘सुरक्षेच्या कारणास्तव’ नाही म्हटलं होतं. वेबसाइटचा पत्ता कधी नोंदवला गेला ते हूइज नावाच्या ऑनलाइन सोयीवर दिसतं. पंचवीस वर्षांचं दुकान आणि तीन महिन्यांचा पत्ता, असला प्रकार होता.

एच-१बी वाल्यांसाठी वेगळं: तुमच्या व्हिसावर बंदूक घेणं मुळात कायद्याने बंद आहे. हंटिंग लायसन्ससारखे काही अपवाद आहेत, पण ते वकिलाला विचारल्याशिवाय गृहीत धरू नका. आणि फसलात तर व्हिसाच्या भीतीने गप्पही बसू नका, चोर त्या गप्प बसण्यावरच जगतो. तक्रारीनंतर ‘२०० डॉलर भरा, तुमचे पैसे मिळवून देतो’ असा मेल येईल. मला आला. तो दुसरा चोर, किंवा पहिलाच.

मी आता गावातल्या दुकानातून रुगरची रँच घेतली, कार्डाने, हातात धरून, बोल्ट दहादा मागेपुढे करून. ५२७ साठी आधीच घेऊन ठेवलेल्या २८९ डॉलरच्या दुर्बिणीला नव्या रिंगा लावाव्या लागल्या. परवा एका ओळखीच्याने लिंक पाठवली, ‘बरी डील वाटते का?’ दुकानाचं नाव नवं, राज्य नवं, परवाना आणखी कुणाचा तरी. फोटो तेच दोन, एक माशीवाला, एक बिनमाशीचा. किंमत आता ६४९ केली आहे.