‘पुट ऑफ’ की ‘पोस्टपोन’?

शब्दकोशात दोघांचा अर्थ एकच: पुढे ढकलणे. पण मला विचाराल तर ‘पोस्टपोन’ म्हणजे तहकूब करणे, आणि ‘पुट ऑफ’मध्ये बऱ्याचदा आपल्या चालढकलीचा वास येतो. दाताच्या डॉक्टरकडे जायचं तीन महिने टाळलंत, तर ‘आय केप्ट पुटिंग इट ऑफ’. इथे ‘पोस्टपोन’ म्हटलं, तर दाढेसाठी परिपत्रक काढल्यासारखं वाटतं!

उलट टोकियो ऑलिंपिक 2020 ऐवजी 2021 मध्ये झालं, त्या बातमीत ‘पोस्टपोन’च शोभतो. 1940 चं टोकियो ऑलिंपिक मात्र रद्दच झालं. तिथे दोन्ही चालणार नाहीत, ‘कॉल ऑफ’ किंवा ‘कॅन्सल’ लागेल. ऑफिसच्या मेलमध्येही ‘पोस्टपोन’ बरा.

आपण हमखास अडखळतो ते ‘इट’च्या जागेपाशी. ‘पोस्टपोन इट’ सरळ आहे. पण ‘पुट ऑफ इट’ चूक; ‘इट’ मधे घुसतं: ‘पुट इट ऑफ’. मीटिंगसारखं नाम असेल तर मधे किंवा शेवटी, कुठेही चालतं. दोन्हींपुढे क्रियापद आलं की ‘इंग’ लावायचं: ‘पुट ऑफ गोइंग’, ‘टू गो’ नाही.

‘पुट ऑफ’ला आणखी एक अर्थ आहे, मन उडणे. ‘द स्मेल पुट मी ऑफ’ म्हणजे वासानेच जेवणावरची इच्छा गेली. ‘पोस्टपोन’ला हे जमत नाही.

आणि हो, तारीख अलीकडे आणायला आपण ‘प्रीपोन’ बिनधास्त वापरतो. भारतात सगळ्यांना कळतो. लंडनच्या माणसाला लिहिताना ‘ब्रिंग फॉरवर्ड’ लिहा.