‘आजच कापलेले’ म्हणून माझ्या गळ्यात मारलेले चिकन

‘आजच कापलेले, हार्मोनमुक्त’ या शब्दांवर विसंबून मी नेहमीपेक्षा जास्त पैसे मोजले आणि त्यानंतर आईने व माझ्या लहान मुलीने आठवडाभर ताप, पोटदुखी आणि जुलाब सोसले, म्हणून हा अनुभव लिहीत आहे.

मांस दिसायला गुलाबी होते आणि त्याला वासही नव्हता. घरी पिशवी उघडली तेव्हा मात्र तळाशी बरेच लालसर पाणी साचले होते आणि मांडीच्या सांध्यात बर्फाचे बारीक कण हाताला लागले. मी लगेच विक्रेत्याला फोन केला. ‘जरा थंड जागी ठेवले होते,’ असे उत्तर मिळाले आणि मी ते मानले. शिजल्यावर हाडे काळपट दिसली. कोवळी ब्रॉयलर कोंबडी गोठवली की मज्जेतील रंगद्रव्य हाडातून झिरपते आणि शिजवल्यावर ते काळे पडते. त्याने अपाय होत नाही, परंतु बर्फाच्या कणांबरोबर ही खूण दिसल्यावर माझी शंका उरली नाही.

गोठवलेले चिकन वाईट असते असे मुळीच नाही. खोटे बोलण्यात धोका आहे, कारण ते केव्हा वितळवले आणि किती तास उघड्यावर राहिले हे घेणाऱ्याला कळतच नाही. गोठवल्याने साल्मोनेलासारखे जंतू मरतातच असे नाही, त्यांची वाढ तेवढी थांबते, आणि मांस 5 ते 60 अंश सेल्सियसच्या दरम्यान आले की ती झपाट्याने पुन्हा सुरू होते.

दोघींच्या तपासणीत साल्मोनेलाच निघाला. चिकन मी पूर्ण शिजवले होते, मग हे कसे झाले, असे विचारल्यावर डॉक्टरांनी मी ते नळाखाली धुतले होते का, एवढेच विचारले. धुतले होते, आणि शेजारीच कच्च्या खायच्या भाज्या चिरून ठेवल्या होत्या. धुण्याने जंतू जात नाहीत, ते शिंतोड्यांबरोबर ओट्यावर पसरतात. त्यांना मारते ती उष्णता, म्हणजे सर्वांत जाड भागाच्या आत 74 अंश. ही चूक माझी होती आणि तिची मला फार खंत वाटते.

‘हार्मोनमुक्त’चे पैसेही वाया गेले. ब्रॉयलर लवकर वाढते ती निवडक पैदास आणि खाद्य यांमुळे. अनेक देशांत कोंबड्यांना हार्मोन देण्यास मनाईच आहे. विचारायचेच असेल तर प्रतिजैविकांविषयी विचारावे. निरोगी जनावरांना केवळ वाढीसाठी ती देऊ नयेत, अशी शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने 2017 मध्ये केली आहे.

विक्रेत्याने सारे नाकारले आणि माझ्याकडे पावती नव्हती. आता मी पावतीवर कापल्याची तारीख लिहून मागते, पिशवी तिथेच उघडून सांधे चाचपते, आणि बर्फ लागला तर पिशवी तिथेच परत करते.