अमेरिकेहून येणारा राउटर घ्यावा की इथल्या दुकानातला?

दिवाळीत मुलगी न्यू जर्सीहून येणार, येताना राउटर आणते म्हणते. तिकडे सेलमध्ये स्वस्त पडतो, शिवाय मॉडेलही नवं. हो म्हणण्याआधी दोन्हींतला फरक बघून घ्या.

कुठलाही राउटर हातात आला की मी आधी अ‍ॅडॅप्टर बघतो. अमेरिकेत घरात 120 व्होल्ट असतात, आपल्याकडे 230. अ‍ॅडॅप्टरवर बारीक अक्षरांत 'इनपुट 100-240' असेल तर वीज चालते, प्रश्न उरतो फक्त चपट्या पिनांचा. नुसतं 120 लिहिलेलं असेल तर तो इथे लावूच नका. इथल्या अ‍ॅडॅप्टरवर बीआयएसची (भारतीय मानक ब्युरोची) खूण आणि आर-ने सुरू होणारा आठ आकडी नोंदणी क्रमांक असतो. अ‍ॅडॅप्टर बदलायची वेळ आली तर आउटपुटचे व्होल्ट तंतोतंत जुळले पाहिजेत, अँपिअर जास्त असले तर बिघडत नाही. 12 व्होल्ट 2 अँपिअरच्या राउटरला जुन्या मोडेमचा 1 अँपिअरवाला लावला की तो दिवसभर बंद-चालू होतो आणि आपण इंटरनेटवाल्याला शिव्या घालत बसतो. वीज गेल्यावरही नेट राहावं म्हणून मिनी यूपीएस (राउटरपुरता छोटा बॅटरीचा डबा) घेणार असाल, तर त्यालाही हाच हिशोब.

खरा फरक मात्र रेडिओ लहरींचा आहे. राउटर म्हणजे छोटं प्रसारण केंद्रच, आणि कुठल्या पट्ट्यात किती जोराने बोलायचं हे प्रत्येक देश ठरवतो. 2.4 गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात अमेरिकी राउटर 1 ते 11 चॅनेल (पट्ट्याचे क्रमांक दिलेले भाग) वापरतो, आपल्याकडे 13 पर्यंत चालतात. (तुमचा राउटर 13 वर गेला असेल तर पाहुण्याच्या अमेरिकी लॅपटॉपला घरचं वायफाय कधी कधी दिसतच नाही. दोष कुणाचाच नाही!) 5 गिगाहर्ट्झचं मोठं दालन भारताने ऑक्टोबर 2018 मध्ये परवान्याविना खुलं केलं, तिथे फारशी अडचण येत नाही.

अडचण 6 गिगाहर्ट्झची, आणि महागड्या नव्या मॉडेलची सगळी जाहिरात त्याच्याच जोरावर असते. अमेरिकेने 2020 मध्ये 5925 ते 7125 मेगाहर्ट्झ (साधारण 6 ते 7 गिगाहर्ट्झ) हा अख्खा पट्टा वायफायला दिला. भारताच्या मे 2025 च्या नियमांच्या मसुद्यात मात्र फक्त 5925 ते 6425 एवढाच भाग होता, तोही मुख्यतः घरातल्या कमी शक्तीच्या वापरासाठी, कारण उपग्रहांकडे जाणारे संदेश याच भागातून जातात. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या राउटरमध्ये देश बदलायची सोय बहुधा नसते. म्हणजे तो पुण्यातल्या फ्लॅटमध्ये बसूनही न्यू जर्सीचेच नियम पाळणार. असा राउटर आलाच, तर सेटिंगमध्ये जाऊन 6 गिगाहर्ट्झ बंद करा. पण मग ज्यासाठी जास्त पैसे मोजले तेच बंद!

इथल्या दुकानातला घेताना खोक्यावर उत्पादकाचं किंवा आयातदाराचं नाव-पत्ता, एमआरपी आणि ग्राहक सेवेचा नंबर बघा. दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसीची (रेडिओ लहरींचं काम बघणाऱ्या शाखेची) मंजुरी, म्हणजे ईटीए, त्या मॉडेलला आहे का तेही दुकानदाराला विचारा. बिल पक्कं घ्या. अमेरिकी राउटर बिघडला तर वॉरंटीसाठी तो बहुधा परत तिकडेच पाठवावा लागतो.

तिसरा मार्ग म्हणजे इंटरनेट कंपनीने दिलेला डबा. फायबर थेट त्यातच येत असेल तर तो काढून टाकता येत नाही, नवा राउटर त्याच्या लॅन पोर्टला (नेटवर्कची वायर लावायच्या खाचेला) जोडावा लागतो. हिरव्या टोकाची फायबर वायर उपसून तिच्यात डोकावू नका. आतला लेझर अवरक्त असतो, डोळ्यांना दिसत नाही. दोन खोल्यांच्या घराला हा डबा पुरतो, फक्त मूळ पासवर्ड बदला आणि तो टीव्हीच्या बंद कपाटात कोंडू नका. उष्णतेने राउटर मंदावतो, भिंतींमागे लहरी अडतात.

मोठं घर आणि बरीच उपकरणं असतील तर मी इथलाच, 2.4 आणि 5 गिगाहर्ट्झचा वायफाय 6 राउटर घेईन (यातला 6 म्हणजे वायफायची पिढी, गिगाहर्ट्झ नव्हे). मुलीला म्हणा, बॅगेतल्या त्या जागेत चॉकलेटं आण.