निळे खलनायक की निळे नायक: आधी कुठला सिनेमा पाहावा?

एकच रात्र मोकळी आहे, 'यलो सबमरीन' लावू की 'इंटरस्टेला ५५५५', असं कुणी विचारलं की मी आधी उलट विचारते: सोबत कोण आहे? दोन्ही सिनेमे ॲनिमेशनचे, दोन्ही पॉप गाण्यांवर उभे. दोन्हींत चौघांचा बँड आहे आणि दोन्हींत कुणीतरी संगीतावर घाला घालतं. पण एक पहिल्या भेटीतच जीव लावतो आणि दुसरा मुरावा लागतो. मी दोन्ही अनेकदा पाहिलेत आणि माझं मत ठाम आहे, ते ओघात येईलच.

'यलो सबमरीन' १७ जुलै १९६८ रोजी लंडनमध्ये पहिल्यांदा दाखवला गेला. गोष्ट अगदी छोटी. समुद्राखाली पेपरलँड नावाचा गाता-वाजवता देश आहे. संगीताचा तिटकारा असलेले ब्लू मीनीज त्यावर चाल करून येतात, माणसांचे पुतळे होतात, रंग उडून जातात. एक म्हातारा खलाशी पिवळ्या पाणबुडीतून निसटतो, इंग्लंडमधलं लिव्हरपूल गाठतो आणि तिथल्या बीटल्स या चौघांच्या बँडला घेऊन परत निघतो. वाटेत काळाचा समुद्र लागतो, राक्षसांचा लागतो, शून्याचा लागतो, भोकांचाही लागतो. बस, एवढंच.

'इंटरस्टेला ५५५५' २००३चा. डाफ्ट पंक या फ्रेंच जोडगोळीच्या २००१मधल्या 'डिस्कव्हरी' अल्बमची चौदा गाणी, अल्बमच्याच क्रमानं, आणि त्यांवर रचलेली सलग गोष्ट. दूरच्या ग्रहावरच्या चार वादकांना पृथ्वीवरचा एक मॅनेजर पळवून आणतो, त्यांच्या आठवणी पुसतो आणि त्यांना हिट बँड म्हणून विकतो. सिनेमात संवाद एकही नाही. डाफ्ट पंकच्या दोघांनी लहानपणी फ्रान्समध्ये टीव्हीवर 'अल्बातोर' ही जपानी कार्टून मालिका पाहिली होती. तिचे मूळ निर्माते लेजी मात्सुमोतो. पुढे त्यांनाच गाठून हा सिनेमा तोएई ॲनिमेशनकडून करून घेतला, दिग्दर्शन काझुहिसा ताकेनोउची यांचं.

गंमत म्हणजे निळा रंग दोन्हीकडे आहे, पण उलट बाजूंना. 'सबमरीन'मध्ये निळे ते दुष्ट. 'इंटरस्टेला'त निळे ते आपले, आणि त्यांचं निळेपण काढून घेणं हाच गुन्हा. 'हार्डर, बेटर, फास्टर, स्ट्राँगर' या गाण्यावर ते चौघं कारखान्यातल्या मालासारखे पट्ट्यावरून सरकतात. आठवणी काढून तबकड्यांवर साठवल्या जातात, कातडीला माणसाचा रंग चढतो, नवे कपडे, नवं नाव. गाण्याचे शब्द यंत्रातून निघाल्यासारखे तुटक येतात आणि पडद्यावर यंत्राचे हात त्याच ठेक्यात हलतात. हा प्रसंग पाहिल्यावर ते गाणं नुसतं नाचायचं गाणं राहत नाही, निदान माझ्यासाठी तरी राहिलं नाही.

ही 'इंटरस्टेला'ची ताकद: गोष्ट धरून ठेवते. त्यात प्रेम आहे, पाठलाग आहे, एक मरण आहे. 'समथिंग अबाउट अस' वाजत असताना जे घडतं ते मी सांगत नाही, पण लहान मूल सोबत असेल तर जवळ घेऊन बसा. मात्र गोष्टीची हीच पकड दुसऱ्या-तिसऱ्या वेळी थोडी सैल पडते. पुढे काय होणार ते माहीत असतं, आणि काही लांब गाण्यांत तीच ती हालचाल पुन्हा वापरलेली डोळ्यांना जाणवायला लागते.

'यलो सबमरीन'चं नेमकं उलट. पहिल्यांदा पाहताना वाटतं, अरे, गोष्ट कुठे गेली? पन्नासहून अधिक वर्षं हा सिनेमा टिकलाय तो गोष्टीसाठी नाहीच. दिग्दर्शक जॉर्ज डनिंग आणि कलादिग्दर्शक हाइन्झ एडलमन यांनी दोनशेहून जास्त कलाकारांना हाताशी धरून जेमतेम अकरा महिन्यांत तो उभा केला. डिस्नेच्या गोलाईला, मऊ सावल्यांना एडलमननी पूर्ण फाटा दिला. सपाट रंग, लांबट पाय, पोस्टरसारखी चित्रं. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे गाणं बदललं की चित्राची जातच बदलते. 'एलिनॉर रिग्बी'ला लिव्हरपूल खऱ्या छायाचित्रांतून येतं: करडी घरं, करडी माणसं, प्रत्येक जण आपली एकच हालचाल पुन्हा पुन्हा करतोय, आणि त्यावरून सरकणारी पिवळीधमक पाणबुडी. एकटेपणावरच्या गाण्याला याहून नेमकं चित्र मी पाहिलेलं नाही. 'लूसी इन द स्काय विथ डायमंड्स'ला मात्र जुन्या फिल्मांतल्या नाचणाऱ्यांवर रंग फासलेत, रेषेबाहेर जाणारे, थरथरणारे, जणू कुंचला अजून ओलाच आहे.

आणि काळाचा समुद्र. 'व्हेन आय ॲम सिक्स्टी-फोर' वाजत असताना पडद्यावर अक्षरं येतात: ६४ वर्षं म्हणजे ३,३६,६१,४४० मिनिटं, आणि एक मिनिट हा बराच मोठा वेळ असतो. मग ते सिद्धच करून दाखवतात. एकामागून एक आकडे, प्रत्येक वेगळ्या घाटाचा, वेगळ्या सजावटीचा, थेट चौसष्टपर्यंत. माझा नऊ वर्षांचा भाचा तिथे मोठमोठ्यानं मोजायला लागला. त्याला इंग्रजी शब्दांतलं फारसं कळत नव्हतं, पण चौसष्ट झाल्याबरोबर म्हणाला, "मावशी, मागे घे ना, परत मोजू." आम्ही तीनदा मोजलं.

पण भाषेची अडचण खरी आहे, ती लपवून उपयोग नाही. 'सबमरीन'मधले संवाद इंग्रजी शब्दांवरच्या कोट्यांनी खचाखच भरलेत, तेही लिव्हरपूलच्या हेलात. शिवाय ते आवाज बीटल्सचे नाहीतच, नटांचे आहेत. बीटल्सना या प्रकल्पात सुरुवातीला रस नव्हता. त्यांच्यावर आधी निघालेली टीव्हीवरची कार्टून मालिका त्यांना आवडली नव्हती. तयार होत आलेलं काम पाहिल्यावर मन पालटलं आणि शेवटच्या छोट्या प्रसंगात ते स्वतः आले. कोट्या निसटल्या तरी सिनेमा निसटत नाही, पण ज्याला प्रत्येक वाक्य कळायलाच हवं असतं त्याची चिडचिड होईल. 'इंटरस्टेला'त हा प्रश्नच नाही. आजीपासून नातवापर्यंत सगळे एकाच पातळीवर.

गाण्यांचं म्हणाल तर 'सबमरीन'मध्ये नवी गाणी चारच, बाकी आधीच्या अल्बममधली, आणि अधल्यामधल्या जागा बीटल्सचे ध्वनिमुद्रण-निर्माते जॉर्ज मार्टिन यांच्या वाद्यवृंदानं भरलेल्या. मला त्यातली एक अगदी छोटी जागा फार प्रिय आहे. बीटल्सपैकी जॉर्ज हॅरिसनचं पात्र पहिल्यांदा दिसतं तेव्हा 'लव्ह यू टू'चा तुकडा वाजतो. त्या गाण्यात तबला आहे अनिल भागवत यांचा, आणि बीटल्सच्या 'रिव्हॉल्व्हर' अल्बमच्या वेष्टनावर त्यांचं नाव छापलेलं आहे. सिनेमा निघाला त्याच वर्षी जानेवारीत हॅरिसन मुंबईत एचएमव्हीच्या स्टुडिओत ध्वनिमुद्रण करून गेला होता. तो सतारीचा झणत्कार ऐकला की हे रंगीबेरंगी प्रकरण मला परकं वाटत नाही. 'इंटरस्टेला'त असा आपला धागा नाही, पण एकाच अल्बमची सलग लय आहे, आणि मोठ्या स्पीकरवर ती अंगात भिनते. दोन्हींपैकी कुठलाही मोबाइलच्या स्पीकरवर पाहू नका, निम्मा सिनेमा गेलाच म्हणून समजा.

(गाण्यांवर उभ्या अशा सिनेमांत बरेच जण 'पिंक फ्लॉइड: द वॉल' धरतात. तो १९८२चा, बराचसा खऱ्या नटांचा आणि मोठ्यांचा सिनेमा. कौटुंबिक संध्याकाळसाठी तो नाहीच.)

तर निवड अशी. घरात तेरा-चौदा वर्षांचा मुलगा किंवा मुलगी असेल, किंवा बीटल्स म्हणजे कोण हेच कुणाला ठाऊक नसेल, तर आधी 'इंटरस्टेला'. तासाभरापेक्षा थोडासाच मोठा आहे, कंटाळा यायच्या आत संपतो. चित्रकलेचं वेड असलेलं कुणी असेल, किंवा अगदी लहान मूल असेल, तर 'सबमरीन'. लहानांना गोष्ट तुटल्याचं काहीच वाटत नाही. स्वतःपुढचं सगळं शोषून घेता घेता शेवटी स्वतःलाच गिळणारा राक्षस पाहून ते खुश, बीटल्समधल्या रिंगोनं समुद्रातलं एक भोक उचलून खिशात टाकलं की आणखी खुश. आणि विकत घेऊन घरात ठेवायचा एकच असेल, तर माझं मत बिनशर्त 'यलो सबमरीन'ला. पाचव्यांदा पाहतानाही कोपऱ्यात काहीतरी नवं सापडतं. मात्र २०१२मध्ये हातानं, एकेक चौकट साफ करून काढलेली प्रतच घ्या. अमेरिकेत दाखवलेल्या जुन्या प्रतीत 'हे बुलडॉग' गाणंच कापलेलं होतं, ते १९९९मध्ये परत आलं.

इंग्रजी सबटायटल चालू ठेवा आणि श्रेयनामावली येईपर्यंत उठू नका. 'सबमरीन'च्या शेवटी खरेखुरे चौघं बीटल्स पडद्यावर येतात, त्यांच्यातला जॉन दुर्बीण लावून सांगतो की थिएटरच्या आसपास आणखी निळे मीनीज दिसलेत आणि बाहेर पडायचा मार्ग एकच, गात गात. आमच्याकडे त्या वेळी सगळे उभे राहून गातात, शब्द येवोत न येवोत.